कॉर्नफ्लेक्स कोणाच्या वाट्याला?

2 ऑक्टोबर 2023 रोजी अमेरिकेतल्या केलॉग कंपनीच्या भागधारकांच्या खात्यात, त्यांनी काही न मागता, एका नव्या कंपनीचे शेअर येऊन पडले. जुन्या कंपनीचे चार शेअर असतील तर नव्या कंपनीचा एक, असा हिशेब होता. नव्या कंपनीचे नाव डब्ल्यू. के. केलॉग. तिच्याकडे अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन बेटांमधला न्याहारीच्या सीरियलचा धंदा आला, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, फ्रॉस्टेड फ्लेक्स, फ्रूट लूप्स, स्पेशल के, राइस क्रिस्पीज. जुन्या कंपनीने केलानोव्हा असे नाव घेतले आणि प्रिंगल्स, चीझ-इट, पॉप-टार्ट्स अशी खाऊची मालमत्ता स्वतःकडे ठेवली. उत्तर अमेरिकेबाहेरच्या देशांतला सीरियलचा धंदाही तिने सोडला नाही.

ज्याच्याकडे जुन्या केलॉगचे चारशे शेअर होते, त्याची गुंतवणूक साधारण 24 हजार डॉलरची होती. त्याला मिळालेल्या शंभर नव्या शेअरांची किंमत भरली तेरा-चौदाशे डॉलरच्या घरात. वाट्याला आलेला तुकडा लहान, त्यात कॉर्नफ्लेक्ससारखा जुनाट माल. अनेकांनी तो विकून टाकला. काही आठवड्यांतच भाव 10 डॉलरच्या आसपास घसरला.

जुलै 2025 मध्ये न्यूटेला बनवणाऱ्या इटलीच्या फेरेरो कंपनीने त्याच शेअरला रोख 23 डॉलर देऊ केले.

ही गोष्ट एवढीच सांगितली तर कोणालाही वाटेल की डीमर्जर, म्हणजे कंपनीची अशी वाटणी, ही हमखास कमाई. तशी ती नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे. पण आधी केलॉगने स्वतःची वाटणी का केली, ते पाहू.

1906 मध्ये मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी विल कीथ केलॉग यांनी कॉर्नफ्लेक्स विकायला कंपनी काढली. त्यांचे थोरले बंधू डॉक्टर जॉन हार्वी केलॉग तिथे आरोग्यधाम चालवत, आणि मूळ फ्लेक्स तिथल्याच स्वयंपाकघरातले. पुढची शंभर वर्षे सीरियल हाच कंपनीचा कणा राहिला. मात्र अमेरिकेत सकाळी वाडग्यात दूध ओतून न्याहारी करणारी पिढी हळूहळू कमी होत गेली. त्याच सुमारास, 2012 मध्ये, केलॉगने प्रॉक्टर अँड गँबलकडून प्रिंगल्स 270 कोटी डॉलरला विकत घेतले आणि कंपनीचा भार खाऊच्या बाजूला झुकला. गुंतवणूकदार मात्र तिला सीरियल कंपनीच समजत राहिले आणि भावही त्याच मानाने देत राहिले. जून 2022 मध्ये व्यवस्थापनाने वाटणी जाहीर केली तेव्हाचा युक्तिवाद हाच होता. वाढता धंदा वेगळा दिसला तर त्याला वाढत्या धंद्याचा भाव मिळेल, आणि थकलेल्या धंद्याकडे स्वतंत्र लक्ष देता येईल. सुरुवातीला तीन तुकड्यांचा बेत होता. वनस्पतीजन्य मांसाचा मॉर्निंगस्टार फार्म्स हा तिसरा तुकडा पुढे केलानोव्हातच ठेवला गेला.

आपल्याकडच्या भावकीच्या वाटणीत बागाईत कोणाला आणि मुरमाड कोणाला हे पाहिल्याशिवाय कोणी सही करत नाही. कंपनीच्या वाटणीत मात्र भागधारकाला दोन्ही बाजूंचे कागद एकाच वेळी मिळतात आणि तो बहुधा एकही वाचत नाही. अमेरिकेत नव्या कंपनीला ‘फॉर्म 10’ नावाचा शेकडो पानांचा दस्तऐवज सादर करावा लागतो. कर्ज कुणी घेतले, निवृत्तिवेतनाचा बोजा कुणाकडे गेला, ट्रेडमार्क कुणाचा, गोदामे आणि संगणकप्रणाली किती काळ सामायिक राहणार, हे सारे त्यात असते. डब्ल्यू. के. केलॉगच्या कागदांत दिसत होते की वाटणीच्या वेळी तिने कर्ज उचलले आणि त्यातून जुन्या कंपनीला 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम लाभांश म्हणून दिली. म्हणजे जन्मतःच अंगावर कर्ज. हे वाचून दचकायला होते, पण ही तऱ्हा सर्रास चालते. आई-कंपनी लेकीला घराबाहेर काढताना तिच्याच नावावर कर्ज काढून आपला ताळेबंद हलका करते. पाहायचे असते ते एवढेच, की ते कर्ज तिला पेलवेल का.

ते पेलवणारे होते. नव्या कंपनीची वार्षिक विक्री सुमारे 270 कोटी डॉलर आणि व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा सुमारे 26 कोटी डॉलर. वाटणीच्या वर्षाच्या अखेरीस कर्ज 50 कोटींच्या आसपास, म्हणजे या नफ्याच्या दुप्पट. थबकलेल्या धंद्यालाही हे जड नाही.

आता भावाचा हिशेब. शेअर साधारण 8.6 कोटी. भाव 10 डॉलर धरला तर बाजारमूल्य 86 कोटी. त्यात कर्जाचे 50 कोटी मिळवले की सगळी कंपनी 136 कोटींना पडते. म्हणजे वर सांगितलेल्या नफ्याच्या जेमतेम सव्वापाच पट. जनरल मिल्ससारख्या मोठ्या स्पर्धकाला बाजार त्या वेळी याच मापाने दुपटीहून अधिक पट देत होता. शिवाय डब्ल्यू. के. केलॉग दर तिमाहीला 16 सेंट लाभांश देणार होती, वर्षाला 64 सेंट. 10 डॉलरच्या भावावर हा परतावा साडेसहा टक्क्यांच्या जवळ जातो.

एवढा स्वस्त भाव पडण्याचे मोठे कारण धंद्यात नव्हते, विकणाऱ्यांत होते. जुनी केलॉग एस अँड पी 500 या निर्देशांकात होती. निर्देशांकाची नक्कल करणारे फंड तिचे शेअर बाळगून होते. नवी कंपनी त्या निर्देशांकासाठी फार लहान, म्हणून त्यांना ती विकणे भाग. मोठ्या कंपन्यांतच पैसे घालायचे असा नियम असणाऱ्या फंडांनाही ती नको. सामान्य गुंतवणूकदाराला खात्यात पडलेला किरकोळ शेअर सांभाळण्यात रस नाही. विकणारे सगळे आणि घेणारा क्वचित, तेही भावाकडे न पाहता विकणारे. अमेरिकी गुंतवणूकदार जोएल ग्रीनब्लॅट यांनी 1997 च्या आपल्या पुस्तकात या विचित्र विक्रीवरच बोट ठेवले होते. तेव्हापासून डीमर्जर हे बारकाईने कागद वाचणाऱ्यांचे आवडते शिकारक्षेत्र झाले आहे.

पण स्वस्त आणि चांगले यांत फरक असतो, आणि इथे धंद्याची दुसरी बाजू कमी गंभीर नव्हती. कंपनीचे कारखाने जुने. ते सुधारायला 45 ते 50 कोटी डॉलर खर्च करावे लागणार होते. 10 डॉलरच्या भावाने मोजलेल्या तिच्या संपूर्ण बाजारमूल्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम ही! म्हणजे 26 कोटींचा नफा कागदावर दिसला तरी भागधारकाच्या हाती उरणारी रोकड पुढची काही वर्षे आटणार हे उघड होते. त्या खर्चाच्या बदल्यात 2026 च्या अखेरीपर्यंत नफ्याचे प्रमाण विक्रीच्या नऊ-साडेनऊ टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर नेऊ, असे आश्वासन व्यवस्थापनाने दिले. ऑगस्ट 2024 मध्ये ओमाहाचा कारखाना टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा त्याच योजनेतली.

आकडे वाचताना आणखी एक सापळा होता. 2021 मध्ये मेम्फिसच्या कारखान्याला आग लागली आणि त्याच वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर चार कारखान्यांतल्या सुमारे 1,400 कामगारांनी संप केला. दुकानांतली फळी रिकामी पडली. त्यानंतरच्या दीड वर्षात विक्री वाढलेली दिसली, पण त्यातला बराचसा भाग रिकाम्या फळ्या पुन्हा भरण्याचा आणि किमती वाढवण्याचा होता. लोक जास्त कॉर्नफ्लेक्स खाऊ लागले होते असे नव्हे. वाटणीच्या तोंडावरच्या वर्षाचे आकडे पाहताना मागचे वर्ष कसे होते हे विचारायलाच हवे. विकायला काढलेल्या घराला रंग दिलेला असतोच.

फेब्रुवारी 2024 मध्ये तर मुख्य कार्यकारी अधिकारी गॅरी पिल्निक यांनी दूरचित्रवाणीवर असा सूर लावला की महागाईत कुटुंबांनी रात्रीच्या जेवणाला सीरियल खावे, स्वस्त पडते. लोक संतापले. मला त्या वादापेक्षा त्यामागची गरज बोलकी वाटते. न्याहारीला खाणारे वाढत नाहीत म्हणून कंपनी रात्रीच्या जेवणात गिऱ्हाईक शोधत होती.

2024 संपले तेव्हाचा निकाल असा होता: विक्री किंचित घटलेली, नफा 27.5 कोटींवर, नफ्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जरा वर. चौदा टक्के अजून दूर. 2025 च्या पहिल्या तिमाहीत विक्री आणखी खाली आली आणि त्या उन्हाळ्यात शेअर पंधरा-सोळा डॉलरवर रेंगाळत होता. धंद्याच्या जोरावर या गुंतवणुकीने काही थोर कामगिरी केली असती, असे म्हणायला जागा नाही.

मग फेरेरो आली. 23 डॉलरचा भाव, कर्ज वगैरे धरून 310 कोटी डॉलर. म्हणजे आदल्या वर्षीच्या त्याच नफ्याच्या अकरा पटींहून अधिक. विक्रीही घटती आणि कारखानेही जुनेच, तरी दोन वर्षांपूर्वी बाजाराने दिलेल्या मापाच्या दुप्पट. फेरेरोला केलॉगची ओळख नवी नव्हती. 2019 मध्ये तिने केलॉगचाच कीबलर आणि फेमस अमोस हा बिस्किटांचा धंदा 130 कोटी डॉलरला घेतला होता. अमेरिकी सुपरमार्केटच्या फळीवर आणखी जागा तिला हवी होती, आणि ती जागा डब्ल्यू. के. केलॉगकडे शतकभर होती. केलॉग फाउंडेशनचा ट्रस्ट आणि गुंड (Gund) आडनावाचे कुटुंब यांच्याकडे मिळून पाचव्या हिश्श्याहून अधिक शेअर होते. त्यांनी पाठिंबा दिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये सौदा पुरा झाला.

दुसऱ्या भावंडाचे काय झाले? ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणजे वाटणीला वर्ष व्हायच्या आत, मार्स कंपनीने केलानोव्हाला शेअरमागे साडेत्र्याऐंशी डॉलर देऊ केले. कर्जासह एकूण सुमारे 3,600 कोटी डॉलर. वाटणीनंतर हा शेअर पन्नासच्या आसपास मिळत होता. नियामकांच्या परवानग्या मिळून डिसेंबर 2025 मध्ये तो व्यवहारही संपला. बागाईत आणि मुरमाड, दोन्ही तुकडे सव्वादोन वर्षांत विकले गेले, आणि दोन्ही घेणाऱ्या कंपन्या कुटुंबाच्या मालकीच्या, बाजारात नोंद नसलेल्या. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. दर तिमाहीला विश्लेषकांना तोंड द्यावे लागत नाही अशा मालकाला मंद पण खात्रीचा धंदा बाजारापेक्षा जास्त किमतीचा वाटू शकतो.

यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. भारतातला केलॉगचा धंदा 1994 मध्ये तळोजाच्या कारखान्यातून सुरू झाला. तो केलानोव्हाकडे राहिला आणि म्हणून आता मार्सकडे गेला. मार्सचा चॉकलेटचा कारखाना पुणे जिल्ह्यात खेडला आहे, आणि अमेरिकेतले कॉर्नफ्लेक्स घेणाऱ्या फेरेरोचा बारामतीला. एकाच नावाचा डबा न्यूयॉर्कमध्ये एका मालकाचा आणि ठाण्यात दुसऱ्याचा, अशी आजची स्थिती आहे.

डब्यातल्या खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत केलॉग हा अपवाद नाही. 2012 मध्ये सारा ली कंपनीचे दोन तुकडे झाले. कॉफीचा तुकडा पुढच्याच वर्षी जेएबी या गुंतवणूक कंपनीने घेतला. मांसाच्या पदार्थांचा हिलशायर हा तुकडा 2014 मध्ये दोन खरेदीदारांच्या चढाओढीनंतर टायसनकडे शेअरमागे 63 डॉलरला गेला. त्याच 2012 मध्ये रॅलकॉर्पने पोस्ट ही सीरियल कंपनी वेगळी काढली आणि वर्षभरात उरलेल्या रॅलकॉर्पला कोनॅग्रा या खाद्यकंपनीने गिळले. कोनॅग्राला तो घास पचला नाही. त्यातला दुकानांच्या स्वतःच्या छापाखाली विकायच्या मालाचा धंदा तिने काही वर्षांतच मोठा तोटा सोसून विकला. पण तोटा घेणाऱ्याचा झाला. रॅलकॉर्पच्या भागधारकांनी आपले पैसे कधीच मोजून घेतले होते.

अमेरिकेत 1965 ते 1988 या काळातल्या डीमर्जरचा अभ्यास पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी केला आणि तो 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. वेगळ्या काढलेल्या कंपन्यांनी पहिल्या तीन वर्षांत बाजारापेक्षा सरस परतावा दिला, हा त्यातला निष्कर्ष गुंतवणुकीच्या प्रत्येक सल्लागाराला पाठ असतो. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष फारसा कोणी सांगत नाही. हा जादा परतावा मुख्यतः अशा कंपन्यांपुरता होता, ज्यांत पुढे कोणी तरी ताबा घेतला. ‘वाटणीमुळे धंदा सुधारतो’ ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण बहुतांश पैसा आला तो तुकडा विकत घ्यायला सोपा झाल्यामुळे.

आणि गिऱ्हाईक आले नाही तर? डीन फूड्स ही अमेरिकेतली सर्वांत मोठी दूधकंपनी होती. तिने सोया दुधाचा आणि सेंद्रिय दुधाचा वाढता धंदा व्हाइटवेव्ह या नावाने 2012-13 मध्ये वेगळा केला. सुरुवातीची विक्री 17 डॉलरला झाली होती. 2017 मध्ये दानोनने शेअरमागे सव्वाछप्पन्न डॉलर मोजून ती घेतली. डीनकडे उरले साधे दूध, ज्यात नफा नगण्य आणि खप दरवर्षी घटणारा. नोव्हेंबर 2019 मध्ये डीन दिवाळखोरीत गेली. केलॉगच्या वाटणीत थकलेला धंदा बाहेर गेला होता. इथे उलट झाले, चांगला बाहेर गेला आणि थकलेला घरात उरला. म्हणून ‘नवा शेअर ठेवा, जुना विका’ किंवा त्याच्या उलट, असा कुठलाही सरधोपट मंत्र चालत नाही.

क्राफ्टची गोष्टही कडवट आहे. 2012 मध्ये क्राफ्टने जगभरचा खाऊचा धंदा मोंडेलीझ या नव्या नावाने स्वतःकडे ठेवला आणि अमेरिकेतला किराणा मालाचा धंदा क्राफ्ट याच नावाने वेगळा काढला. 2015 मध्ये वॉरेन बफे आणि थ्रीजी ही गुंतवणूक कंपनी यांच्या पाठबळाने तो हाइन्झमध्ये विलीन झाला. भागधारकांना शेअरमागे साडेसोळा डॉलरचा खास लाभांश मिळाला. तेव्हा बाहेर पडले ते सुखी झाले. जे थांबले त्यांनी फेब्रुवारी 2019 मध्ये 1,540 कोटी डॉलरची मालमत्ता ताळेबंदातून पुसली गेल्याचे आणि शेअर एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक कोसळल्याचे पाहिले. क्राफ्टसाठी आपण जास्त पैसे मोजले, हे बफे यांनी नंतर स्वतःच कबूल केले. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच क्राफ्ट हाइन्झने पुन्हा दोन तुकडे करण्याचा बेत जाहीर केला. जोडताना जे फायदे सांगितले जातात, तेच तोडताना तोटे म्हणून सांगितले जातात. सल्लागार बँकांना मात्र दोन्ही वेळा शुल्क मिळते!

खरेदीदाराविना, स्वतःच्या धंद्यावर मोठी झालेली उदाहरणेही आहेत. कोनॅग्रातून नोव्हेंबर 2016 मध्ये निघालेली लँब वेस्टन ही गोठवलेल्या बटाट्याच्या फिंगर चिप्स बनवते. उपाहारगृहांची साखळी जगभर वाढत होती आणि बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच. 30 डॉलरच्या आसपासचा शेअर 2023 मध्ये 110 च्या वर गेला. मग 2024 मध्ये नवी संगणकप्रणाली बसवताना घोळ झाला, मागणीही मंदावली, आणि शेअर एकेका दिवसात वीस-पंचवीस टक्क्यांनी आपटला. वाढता धंदा असेल तर गिऱ्हाईकाची वाट पाहावी लागत नाही, पण चढलेला भावही फार काळ माफ करत नाही.

ताब्याबद्दल एक गैरसमजही बाजारात फिरतो. अमेरिकी करकायद्यानुसार वाटणीनंतर दोन वर्षांच्या आत कंपनी विकली तर ती विक्री आधीच ठरली होती असे गृहीत धरले जाते आणि मोठा कर बसू शकतो. म्हणून ‘दोन वर्षे कोणी हात लावणार नाही’ असे म्हटले जाते. पण हे गृहीतक खोडून काढता येते. वाटणीआधी त्या खरेदीदाराशी बोलणी झाली नव्हती हे दाखवता आले की पुरते. मार्सने वर्षाच्या आत सौदा जाहीर केला, तो याच वाटेने.

भारतात करांचे गणित सोपे आहे. कायद्याच्या अटींत बसणाऱ्या डीमर्जरमध्ये नवा शेअर मिळताना कर नाही. मूळ खरेदीची किंमत दोन कंपन्यांत कंपनीने जाहीर केलेल्या प्रमाणात विभागायची, आणि नव्या शेअरचा कालावधीही मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजायचा. हे प्रमाण हिशेबाच्या वह्यांतल्या मालमत्तेवरून काढतात, बाजारभावावरून नाही. त्यामुळे विकताना कागदावरचा नफा-तोटा कधी कधी चमत्कारिक दिसतो.

आपल्याकडचे ताजे उदाहरण म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हर. तिने क्वालिटी वॉल्स आणि इतर आइस्क्रीमचा धंदा वेगळा काढला आणि डिसेंबर 2025 च्या रेकॉर्ड डेटला प्रत्येक शेअरमागे क्वालिटी वॉल्स इंडियाचा एक शेअर दिला. मूळ कंपनीच्या उलाढालीत आइस्क्रीमचा वाटा अगदी थोडा. ऋतूवर अवलंबून असलेला आणि शीतपेट्या, गोठवणारी गोदामे यांत पैसा अडकवणारा हा धंदा आहे. मोठ्या फंडांना तो ठेवण्याचे कारण नाही, म्हणजे भावाकडे न पाहता होणारी विक्री इथेही आलीच. म्हणून हा केलॉगसारखाच मामला आहे, असे कोणी म्हणेल.

फरक मात्र मोठा आहे. क्वालिटी वॉल्समधला युनिलिव्हरचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा त्याच घरातून वेगळ्या झालेल्या मॅग्नम आइस्क्रीम कंपनीकडे जाण्याचे आधीच ठरले होते. बहुमताचा मालक ठरलेला असताना बाहेरचा कोणी फेरेरो येऊन दुप्पट भाव देण्याची शक्यता जवळपास उरत नाही. तेव्हा खात्यात आलेला हा शेअर ठेवायचा की विकायचा, हे ठरवताना केलॉगची गोष्ट बाजूला ठेवावी आणि आइस्क्रीम विकून ही कंपनी वर्षाला किती रोकड हाती ठेवते, एवढ्यावरच तिचा भाव करावा.